फायटरसाठी पाणवनस्पतींचा छोटा टँक: मुंबईतल्या घरांतून येणारे नेहमीचे प्रश्न

गेली काही वर्षं ओळखीपाळखीत कुणी फायटर आणला की फोन मला येतो. फोन येतो तेव्हा मासा आधीच घरी आलेला असतो, पिशवीत किंवा बरणीत, आणि "आता पुढे काय करू?" असा प्रश्न असतो. माझं सगळ्यांना एकच कळकळीचं सांगणं असतं: आधी पाणी, मग झाडं आणि सगळ्यात शेवटी मासा. खालची उत्तरं याच क्रमाने वाचलीत तर बरं.

फायटर आणि बेट्टा हे एकच का?

एकच. दुकानात सगळे "फायटर" म्हणतात. शास्त्रीय नाव बेट्टा स्प्लेंडेन्स, ते ब्रिटिश मत्स्यशास्त्रज्ञ चार्ल्स टेट रेगन यांनी 1910 साली दिलं. मासा मूळचा थायलंडकडचा. 2019 मध्ये थायलंडने त्याला राष्ट्रीय जलचराचा मान दिला. थाई भाषेत त्याला "प्ला कट", म्हणजे चावणारा मासा, म्हणतात. आखूड पंखांच्या फायटरला आपल्याकडे "प्लाकाट" म्हणतात ते त्यावरूनच.

तिथे तो भातखाचरांत, दलदलीत आणि गवताने भरलेल्या संथ ओढ्यांत राहतो. कोकणातलं श्रावणातलं खाचर आठवा: पाणी घोटाभर, कोमट, जवळजवळ थांबलेलं, पण बांधाबांधातून पुढे जोडलेलं आणि हिरवाईने गच्च. उथळ पाण्यात राहतो म्हणून तो डबक्यात राहतो असं नाही. टँक लावताना हे चित्र डोळ्यांसमोर ठेवलंत तर निम्मे निर्णय आपोआप बरोबर होतात.

दुकानात तर तो इवल्याशा प्लॅस्टिकच्या ग्लासात असतो. मग घरी बाऊल का नको?

फायटरच्या डोक्यात, कल्ल्यांच्या वर, लॅबिरिंथ नावाचा अवयव असतो. त्याने तो पृष्ठभागावर येऊन थेट हवा घेतो. त्यामुळे प्राणवायू कमी असलेल्या पाण्यातही तो लगेच मरत नाही. ग्लासात तो दिसतो तो या सोयीमुळे, त्याला तिथे बरं वाटतं म्हणून नव्हे. त्याच्या विष्ठेतून आणि कल्ल्यांतून येणारा अमोनिया त्याच पाण्यात साठत जातो, आणि त्यावर लॅबिरिंथचा काही उपाय चालत नाही.

माझा पहिला फायटर गडद निळा होता. एका दुकानदाराने गोल बाऊल, मूठभर रंगीत खडे आणि प्लॅस्टिकचं एक झुडूप एकत्र बांधून दिलं आणि सांगितलं, "दर रविवारी सगळं पाणी बदला, बास." मी प्रत्येक रविवारी नेमाने बदललं. आठवडाभर साठलेल्या घाणीतून काढून दर रविवारी त्याला ताज्या क्लोरीनच्या पाण्यात सोडत होते. चौथ्या महिन्यात त्याच्या शेपटीच्या कडा काळ्या पडून झडायला लागल्या, आणि पुढच्या पंधरा दिवसांत तो गेला. मी त्याची काळजी घेत होते, मनापासून घेत होते, आणि तरीही त्याला रोज त्रास होत होता. ही गोष्ट मी सगळ्यांना सांगते. बाऊलमध्ये मासे मरतात ते बहुतेक वेळा प्रेमळ घरांतच.

मग टँक केवढा घ्यावा?

निदान 20 लिटर. मी स्वतः 18 × 10 × 10 इंचांचा सुचवते. त्यात काठोकाठ सुमारे 29 लिटर पाणी मावतं, माती आणि लाकूड घातल्यावर चोवीस-पंचवीस. एक फुटाचा चौकोनी टँकही जवळपास तेवढाच, 28 लिटरचा, पण लांबट बरा. लांब पंखांच्या माशाला खालून वर हवा घ्यायला जाणं जड जातं, त्याला उंचीपेक्षा पोहायला लांबी हवी. दुकानात "फायटर टँक" म्हणून मिळणारा 12 × 8 × 8 चा टँक साडेबारा लिटरचा भरतो. त्यात मासा जगवता येतो, पण पाणी सांभाळणं नवख्याला अवघड जातं, कारण पाणी जितकं कमी तितकी चूक लवकर अंगाशी येते.

झाकण हवंच. फायटर उडी मारतो. शिवाय झाकणाखालची हवा दमट आणि कोमट राहते, तीच तो श्वासाला घेतो.

चाळीतल्या जुन्या घरात वजन पेलेल का? आणि ठेवायचा कुठे?

असा टँक भरल्यावर साधारण चाळीस किलो होतो, म्हणजे घरातल्या एका मोठ्या माणसापेक्षा कमीच. तक्तपोशीच्या घरातही भिंतीला लागून ठेवला तर चिंता नाही. खालचं टेबल मात्र हलतं नको आणि चारी कोपरे सपाट हवेत. टँकखाली योगा मॅटचा तुकडा घाला. फ्रिजवर ठेवू नका, टीव्हीच्या स्पीकरशेजारी नको, आणि ज्या खिडकीतून थेट ऊन येतं तिथे तर नकोच. देव्हाऱ्याजवळही टाळा. अगरबत्ती-धुपाचा धूर एअर पंप ओढतो आणि पाण्यात सोडतो.

मुंबईच्या नळाचं पाणी चालतं का?

चालतं, आणि चांगलं चालतं. भातसा, तानसा, वैतरणा, विहार, तुळशी अशा सात तलावांचं हे पाणी भांडुप आणि पांजरापूरच्या केंद्रांत शुद्ध होऊन येतं. ते बोअरच्या पाण्यासारखं जड नसतं, फायटरला आणि बहुतेक पाणवनस्पतींना मानवतं. अडचण फक्त क्लोरीनची. तो माशाचे कल्ले भाजतो आणि टँकमधले उपयोगी जिवाणूही मारतो.

उपाय दोन. पाणी रुंद बादलीत चोवीस तास उघडं ठेवायचं, किंवा अँटी-क्लोरीनचे थेंब बाटलीवर लिहिलेल्या मापाने घालायचे. मी दोन्ही करते, कारण पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी येऊ लागलं की क्लोरीनचा वासही जास्त येतो. मात्र बादली आठवडाभर भरून ठेवू नका. डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यातच अंडी घालतो, आणि पालिकेचे कीटकनाशक खात्याचे कर्मचारी घरी येऊन हेच तपासतात.

तीन गोष्टी जपा. सोसायटीची टाकी धुतल्याची नोटीस लागली की दोन दिवस ते पाणी टँकला लावू नका, ब्लीचिंगचा अंश राहिलेला असतो. टँकरचं किंवा बोअरचं पाणी येत असेल तर टीडीएस मीटरने (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं यंत्र) आणि पीएचच्या किटने एकदा तपासा. पीएच 6.5 ते 7.5 च्या आसपास असला की पुरे, आकडा पुढेमागे झाला तरी स्थिर असणं महत्त्वाचं. आणि आरओचं पाणी जसंच्या तसं कधीच घालू नका. त्यात क्षार जवळजवळ नसतात, झाडं उपाशी राहतात आणि पीएच अचानक घसरू शकतो.

"टँक सायकल करा" म्हणजे काय? खरंच महिनाभर रिकामा ठेवायचा?

हो. आणि तो रिकामा नसतो, हेच समजून घ्यायचं.

माशाच्या विष्ठेतून, उरलेल्या खाण्यातून, कुजक्या पानांतून अमोनिया तयार होतो. तो विषारी. एका प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही विषारीच. दुसऱ्या प्रकारचे जिवाणू नायट्राइटचं नायट्रेट करतात. ते थोड्या प्रमाणात निरुपद्रवी असतं आणि झाडं ते खत म्हणून खातात. हे जिवाणू फिल्टरच्या स्पंजवर, मातीच्या कणांवर, काचेवर वस्ती करतात, आणि ती वस्ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात. दही लावल्यावर रात्र द्यावी लागते, तसंच हे, फक्त रात्र लांब आहे.

अ‍ॅक्वासॉइल (पाणवनस्पतींसाठी मिळणारी पोषक दाणेदार माती) वापरलीत तर सुरुवातीला तीच अमोनिया सोडते, वेगळं काही घालावं लागत नाही. साधी वाळू असेल तर दोन-तीन दिवसांआड चिमूटभर फिश फूड टाकून कुजू द्या. कुणाकडे जुना निरोगी टँक असेल तर त्याच्या फिल्टरचा स्पंज तुमच्या पाण्यात पिळून घ्या. ते तपकिरी पाणी म्हणजे विरजण. त्याने बराच वेळ वाचतो.

थेंबांचा टेस्ट किट घ्याच, कारण पाण्याकडे नुसतं बघून काही कळत नाही. पहिल्या आठवड्यात अमोनियाची नळी गडद हिरवी होते. मग रोज सकाळी ती थोडी थोडी फिकट, पोपटी होत जाते, आणि त्याच सुमारास नायट्राइटची नळी निळ्याची जांभळी होऊ लागते. एक दिवस अमोनियाची नळी लिंबाच्या सालीसारखी पिवळी येते आणि नायट्राइटची पुन्हा स्वच्छ आकाशी. मी पहिल्यांदा दोन्ही नळ्या खिडकीत पांढऱ्या कागदासमोर धरल्या तेव्हा एकविसावा दिवस होता आणि नायट्राइट अजून जांभळंच होतं. आणखी अकरा दिवस थांबले. दोन्ही शून्य आणि नायट्रेट दिसतंय, असं सलग आठवडाभर आलं की पाणी तयार.

मासा आधीच घरी असेल तर? घाबरू नका. भरपूर झाडं लावा, खाणं अगदी कमी द्या, रोज अमोनिया तपासा आणि तो दिसला की पाव ते अर्धं पाणी बदला. महिनाभर ही मेहनत आहे, पण निभावते.

माती की वाळू? जुहूच्या चौपाटीवरून वाळू आणली तर?

चौपाटीची नको. त्यात मीठ आणि शिंपल्यांचा चुरा असतो. मीठ धुऊन जाईल, शिंपल्यांचा चुना पाणी जड करत राहील. बांधकामाच्या ढिगाऱ्यातली खडीही नको. एखाद्या दगडाची शंका असेल तर त्यावर व्हिनेगरचे थेंब टाका. फसफसला तर चुना आहे, बाजूला ठेवा.

मुळांनी खाणारी झाडं लावायची असतील तर अ‍ॅक्वासॉइलचा दोन-अडीच इंचांचा थर घाला. खर्च करायचा तर तिथे आणि दिव्यावर करा, शोभेच्या किल्ल्यांवर नको. नुसती अ‍ॅन्युबियस आणि जावा फर्न ठेवणार असाल तर धुतलेली नदीची बारीक वाळू पुरेशी, कारण ही झाडं मातीत लावायचीच नसतात.

नवख्याने कोणती झाडं लावावीत?

अ‍ॅन्युबियस नाना, जावा फर्न, क्रिप्टोकोरीन वेंडटी, थोडं जावा मॉस आणि वर तरंगणारं साल्व्हिनिया. एवढ्यावर सुंदर टँक होतो. सगळीच मंद उजेडात जगणारी आहेत.

अ‍ॅन्युबियस आणि जावा फर्नचा आडवा जाड कंद वाळूत पुरू नका, तो कुजतो. साध्या शिवणाच्या दोऱ्याने लाकडाला किंवा दगडाला बांधा, किंवा फेविक्विकसारख्या सायनोअ‍ॅक्रिलेटच्या गोंदाचा एक ठिपका लावून दहा सेकंद दाबून धरा. तो पाण्यात कडक होतो आणि माशाला अपाय करत नाही. अ‍ॅन्युबियसचं एखादं रुंद पान पृष्ठभागापासून दोन-तीन इंच खाली येईल असं बांधा. रात्री दिवा बंद झाल्यावर टॉर्चचा उजेड बोटांआडून पाडून बघा: मासा त्या पानावर अंग टेकून पडलेला असतो, रंग फिकटलेला, शेपटी पानाच्या कडेवरून खाली लोंबत असते. थोड्या थोड्या वेळाने उठतो, वर जाऊन एक घोट हवा घेतो आणि परत त्याच पानावर. मी हे पाहिलं त्या दिवसापासून प्लॅस्टिकची झाडं घरात आणलेली नाहीत. त्यांच्या धारदार कडांनी पंख फाटतात, हे तर आहेच.

आपल्या भागातल्या झाडांचाही विचार करा. व्हॅलिस्नेरिया, हायड्रिला, सेराटोफायलम ही आपल्याच तळ्यांतली आहेत. पश्चिम घाटाच्या ओढ्यांत क्रिप्टोकोरीनच्या स्वतःच्या जाती वाढतात. पण तिथून उपटून आणू नका, काही जाती अगदी थोड्या ठिकाणी उरल्या आहेत. नर्सरीत वाढवलेलं रोप घ्या किंवा एखाद्या शौकीन माणसाकडून छाटणी मागून घ्या. ते आनंदाने देतात, कारण त्यांच्याकडे दर महिन्याला बादलीभर निघते.

तुमच्याकडेही निघेल. साल्व्हिनिया पाण्याचा दोन-तृतीयांशाहून जास्त भाग झाकू लागलं की काढा, माशाला हवा घ्यायला मोकळं पाणी हवं. काढलेलं उन्हात पूर्ण वाळवून कुंडीत घाला. गटारात, नाल्यात, तलावात कधीही नाही. पवई तलावात जलपर्णीने काय केलंय ते आपण सगळे बघतोच आहोत. नकोसा झालेला मासा तलावात सोडण्याबद्दलही हेच.

लावल्यावर आठवड्यात क्रिप्टची (क्रिप्टोकोरीनची) पानं विरघळली आणि काचेवर तपकिरी पूड आली. टँक बिघडला?

नाही. क्रिप्ट जागा बदलली की पानं टाकतं. मूळ घट्ट असेल तर उपटू नका, नवी पानं त्याच मुळातून येतात. तपकिरी पूड म्हणजे डायटम, एक प्रकारचं सूक्ष्म शेवाळ. नव्या टँकमध्ये येतेच, काही आठवड्यांत आपोआप जाते. बोटाने पुसा.

दिवा किती वेळ? कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर लागतो?

सुरुवातीला सहा तास, झाडं रुळली की सात-आठ. साध्या प्लगच्या टायमरवर लावा, म्हणजे घरी यायला उशीर झाला तरी झाडांचा दिवस चुकत नाही. वर सांगितलेल्या झाडांना सिलिंडर लागत नाही. काचेवर हिरवं शेवाळ धरू लागलं तर आधी दिव्याचा वेळ एक तासाने कमी करा आणि खाणं कमी करा. शेवाळ मारायचं औषध या टँकमध्ये घालू नका, झाडंही मरतात.

फिल्टर कोणता? आणि वीज गेली तर?

छोटा स्पंज फिल्टर आणि एअर पंप. फायटरला जोराचा प्रवाह सोसत नाही. मोठे पंख म्हणजे वाऱ्यात उघडलेली छत्रीच. तो सतत एका कोपऱ्यात अडकून राहत असेल तर प्रवाह जास्त आहे. नळीला छोटा कंट्रोल कॉक लावून बुडबुडे कमी करा. आणि नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह घालाच, नाहीतर वीज गेल्यावर टँकचं पाणी उलटं पंपात आणि तिथून प्लगच्या बोर्डावर येऊ शकतं.

स्पंज महिन्यातून एकदा टँकमधून काढलेल्या पाण्यातच पिळायचा. नळाखाली धुतलात तर महिनाभर थांबून जमवलेली वस्ती क्लोरीनने एका मिनिटात जाईल.

काही तास वीज नसेल तर फायटरचं अडत नाही, तो वरून हवा घेतो.

हीटर लागतो का?

त्याला 24 ते 28 अंश बरे. मुंबईत बहुतेक घरांत वर्षातले दहा-अकरा महिने पाणी याच्या आसपास असतं. अडचण जानेवारीतल्या थोड्या रात्रींची आणि त्याहून जास्त एसीच्या बेडरूमची. रात्री एसी, दिवसा बंद, असं रोज पाणी चार-पाच अंश वरखाली होत राहिलं की मासा आजारी पडतो. टँक त्या खोलीत असेल तर 50 वॉटचा थर्मोस्टॅटचा हीटर लावा, नाहीतर टँक बाहेरच्या खोलीत हलवा. मे महिन्यात पाणी 30 च्या वर गेलं तर झाकण थोडं किलकिलं करून वर जाळी ठेवा. बर्फ टाकू नका.

बदामाचं पान खरंच उपयोगी आहे, की नुसती समजूत?

उपयोगी आहे, आणि आपल्या शहरात ते फुकट आहे. सोसायटीच्या आवारात, शाळेच्या मैदानाच्या कडेला जे आडव्या फांद्यांचं बदामाचं झाड असतं, ज्याची पानं गळण्याआधी लालभडक होतात, तेच हे, टर्मिनालिया कटापा. आपण लहानपणी ज्याची फळं दगडाने फोडून खायचो ते. गळून पडलेलं, पूर्ण तपकिरी, कोरडं पान घ्या. झाडावरचं हिरवं नको, आणि जिथे औषध फवारतात तिथलं नको. धुवा, दोन दिवस उन्हात ठेवा, मग निम्मं पान पाण्यात सोडा. आधी तरंगतं, मग बुडतं. पाण्याला कोऱ्या चहाचा हलका रंग येतो. त्यातलं टॅनिन पीएच किंचित उतरवतं आणि काही जिवाणू-बुरशींना थोडा आळा घालतं. फायटरच्या मूळ पाण्यातही कुजक्या पानांचा असाच रंग असतो. मात्र ते औषध नाही. आजारी माशाला पान टाकून वाट बघत बसू नका.

मासा कुठून घ्यावा, कसा निवडावा, कसा आणावा?

क्रॉफर्ड मार्केटच्या परिसरात, कुर्ल्याला रविवारी सकाळी, नाहीतर तुमच्या स्टेशनबाहेरच्या दुकानात. जागेपेक्षा मासा बघा. ग्लासजवळ बोट नेल्यावर तो वळून बघतो का? पोट पिचकलेलं किंवा फुगलेलं नाही ना? वरून पाहिल्यावर खवले उभे राहिलेले नाहीत ना? अंगावर मिठासारखे ठिपके नाहीत ना? हाफमून, म्हणजे अर्धचंद्रासारखी पसरट शेपटी असलेला फायटर, दिसायला देखणा, पण त्याला स्वतःची शेपटी पेलत नाही. पहिल्यांदा घेत असाल तर मी प्लाकाट सुचवेन, तो चपळ असतो आणि पंख फाटण्याची तक्रार कमी.

लोकलने आणणार असाल तर गर्दीची वेळ टाळा आणि पिशवी डब्याच्या बॅगेत, कापडात गुंडाळून अंधारात ठेवा. घरी आल्यावर पिशवी वीस मिनिटं टँकमध्ये तरंगवा, मग दर पाच मिनिटांनी वाटीभर टँकचं पाणी पिशवीत घाला. अर्ध्या तासाने मासा जाळीने उचलून सोडा. पिशवीतलं पाणी टँकमध्ये ओतू नका. त्या दिवशी दिवा बंद आणि खाणंही नाही.

काय आणि किती खायला घालायचं?

"अगं, बारीक पोळीचा तुकडा टाकला तर चालेल ना? किती आशेने बघतोय बघ!" हे आमच्या मावशीचं दर भेटीतलं वाक्य. नाही चालत, मावशी. फायटर मांसाहारी आहे, मुळात किडे आणि अळ्या खाणारा. पोळी, भात, मुरमुरे त्याला पचत नाहीत, आणि पाणी नासतं ते वेगळंच.

फायटरसाठीच्या बारीक दाण्यांचे सकाळी दोन-तीन, संध्याकाळी दोन-तीन. त्याचं पोट साधारण त्याच्या डोळ्याएवढं धरून चाला. आठवड्यातून एक-दोनदा फ्रोझन ब्लडवर्म (लाल अळ्या) किंवा डॅफ्निया (पाण्यातले बारीक जीव), आणि एक दिवस उपास. तो कायम भुकेला असल्यासारखाच काचेशी येतो, त्याला भुलू नका. मुंबईतल्या घरांत मी जे फुगलेले फायटर पाहिले, ते बहुतेक सगळे लाडाने जास्त खाऊन फुगलेले होते.

एकटा कंटाळणार नाही? सोबत काय ठेवू?

तो स्वभावानेच एकटा. दोन नर कधीही नाही, नर-मादी कायमचे एकत्र नाहीत, गप्पी नाही, गुरामी नाही. नेराइट गोगलगाय चालते. चेरी श्रिंप (छोटी लाल कोळंबी) काही फायटर सोडून देतात, काही खातात. तुमचा कोणता ते आधी कळत नाही. आरसा दाखवून त्याला फुलवायची हौस असेल तर दोन-तीन मिनिटांत आवरा, त्याच्यासाठी ती खरी लढाई असते.

टँकमुळे घरात डास होतील का?

उलट, टँकमध्ये पडलेली प्रत्येक अळी तो खातो. पालिका गप्पी मासे याच कामासाठी सोडते, फायटरही त्यात मागे नाही.

धोका आहे तो आपल्या डासांच्या औषधांचा, आणि हा मुद्दा फार थोडे लोक सांगतात. कॉइल, प्लगमधलं लिक्विड, स्प्रे यांत पायरेथ्रॉइड गटाची रसायनं असतात. ती माणसाला सौम्य, पण माशाला आणि श्रिंपला जहाल. एअर पंप खोलीतली हवा ओढून थेट पाण्यात सोडतो. टँकच्या खोलीत हे काहीही लावू नका, मच्छरदाणी वापरा. सोसायटीत पेस्ट कंट्रोल असेल किंवा खाली धुराची गाडी आली तर खिडक्या लावा, पंप बंद करा, टँकवर ओला टॉवेल टाका, आणि दोन तासांनी खोलीला वारा लागल्यावरच पंप सुरू करा. दिवाळीआधी रंगकाम काढलंत तर टँक दुसऱ्या खोलीत.

पाण्यावर बारीक फेस जमलाय. पाणी खराब झालं?

फेस एका कोपऱ्यात, पानाखाली, साबुदाण्यासारख्या बुडबुड्यांचा असेल तर ते त्याचं घरटं आहे. नर तोंडातून हवेचे बुडबुडे चिकट लाळेत गुंडाळून रचतो, अंडी ठेवण्यासाठी. मादी नसली तरी बांधतो. पाणी बदलताना शक्य असेल तर राहू द्या.

आठवड्याचं काम किती?

अर्धा तास. पाच-सहा लिटर पाणी नळीने ओढून काढा, तेवढंच तयार पाणी हळू घाला. काढलेलं पाणी तुळशीला घाला, तिला ते मानवतं.

मासा सुस्त आहे, पंख मिटलेत. कोणतं औषध घालू?

आधी अमोनिया आणि नायट्राइट तपासा, तापमान बघा, पाव पाणी बदला. निम्म्याहून जास्त वेळा मला फोनवर एवढंच सांगावं लागतं. शेपटीच्या कडा झडत असतील तरी पहिला उपाय स्वच्छ पाणीच. मिठासारखे पांढरे ठिपके असतील, किंवा टॉर्चच्या उजेडात अंगावर सोनेरी धूळ दिसली, तर मासा वेगळ्या भांड्यात काढून तिथे उपचार करा. झाडांच्या टँकमध्ये मीठ आणि बहुतेक औषधं घालायची नसतात. खवले अननसासारखे उभे राहिले तर आतून सूज आहे. यातून मासे फार कमी वाचतात, हे मी लपवत नाही.

गणपतीत आठवडाभर गावी जातो. माशाचं काय?

निरोगी मोठा फायटर पाच-सहा दिवस सहज उपाशी राहतो. जाण्याच्या आदल्या दिवशी पाणी बदला, दिवा टायमरवर ठेवा आणि निर्धास्त जा. दहा दिवस असतील तर शेजारच्या काकूंना चार-चार दाण्यांच्या तीन पुड्या बांधून द्या, वर वार लिहा, आणि डबा कपाटात ठेवून कुलूप लावा. डबा हाताशी असला की कुणालाही त्याची दया येते. पांढऱ्या "हॉलिडे ब्लॉक"च्या वड्या टाकू नका, पाणी खराब करतात.

किती वर्षं जगतो?

साधारण दोन ते चार. दुकानात येतो तेव्हाच तो काही महिन्यांचा असतो, हे धरून चाला. म्हातारा झाला की रंग उतरतो, पाठीला किंचित बाक येतो, दाणा एकदा चुकून दुसऱ्यांदा पकडतो. आमचा आत्ताचा तांबडा प्लाकाट सव्वातीन वर्षांचा आहे. हवा घ्यायला वर येताना त्याला दम लागतो असं वाटलं, म्हणून गेल्या महिन्यात पाण्याची पातळी दोन इंचांनी उतरवली आणि अ‍ॅन्युबियसचं लाकूड त्या मानाने तिरकं करून पान पृष्ठभागाजवळ आणलं. दाणे आता बोटाने चिमटीत धरून त्याच्या तोंडासमोर सोडावे लागतात.